प्रगत इंग्रजी शब्दसंपदा : शब्द अर्थासह आत्मसात कसे करावेत

‘नटोरियस’ या शब्दापुढे ‘प्रसिद्ध’ एवढाच अर्थ वहीत लिहून ठेवणारा विद्यार्थी पुढे कधीतरी आपल्या आवडत्या शिक्षकांविषयी लिहिताना तोच शब्द वापरतो आणि आदराने लिहिलेल्या वाक्यातून त्यांची नकळत बदनामी होते. अर्थ त्याने पाठ केला होता, फक्त ‘कुप्रसिद्ध’मधला ‘कु’ वहीत उतरायचा राहिला होता. इंग्रजी बऱ्यापैकी येऊ लागल्यानंतर आपली फजिती होते ती बहुतेक वेळा अशीच, अर्धवट माहीत असलेल्या शब्दांमुळे. अजिबात माहीत नसलेला शब्द आपण वापरत नाही, त्यामुळे तो दगाही देत नाही. म्हणूनच प्रगत शब्दसंग्रह करायचा म्हणजे रोज किती शब्द पाठ करायचे, याआधी एक शब्द पुरता कळला असे केव्हा म्हणायचे, हे ठरवावे लागते. माझे मत असे आहे की शब्दाची संगत, त्याचा सूर, त्याचे व्याकरण आणि त्याचा उच्चार या चारही गोष्टी हाताशी आल्या, तरच तो शब्द आपला झाला. तोपर्यंत तो केवळ तोंडओळखीचा असतो.

कोणते शब्द आधी घ्यावेत

प्रगत शब्द म्हणजे दुर्मीळ शब्द, असा समज फार पसरलेला आहे आणि तो नुकसान करतो. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये इंग्रजीतील सुमारे २,००० अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती; त्यापलीकडे जाऊन अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये उच्च शिक्षणातील मजकुरात वारंवार येणारी ५७० शब्दकुळे निवडून काढली. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून तयार होणारी त्याची रूपे. या दुसऱ्या यादीत ‘अॅम्बिग्युअस’ (संदिग्ध), ‘आर्बिट्ररी’ (मनमानी, निराधार), ‘इन्हेरंट’ (अंगभूत), ‘कोहिरंट’ (सुसंगत), ‘ऑलबीइट’ (जरी… तरी) असे शब्द आहेत. ते दिसायला भारदस्त नाहीत, मात्र गंभीर लेखनाचा सारा डोलारा त्यांच्यावर उभा असतो. ज्याला ‘ऑलबीइट’ वाक्यात नीट बसवता येत नाही, त्याने एखाद्या अतिदुर्मीळ विशेषणामागे धावू नये. आधी या ५७० कुळांपैकी कोणती कच्ची आहेत ते तपासावे, ती पक्की करावीत आणि मगच पुढे सरकावे.

पुढचा पल्ला किती आहे, याचाही अंदाज असावा. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्याही मदतीशिवाय वाचता येण्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुळे आणि बोलणे समजण्यासाठी ६,००० ते ७,००० शब्दकुळे परिचयाची असावी लागतात. मजकुरातील शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावेत, हे या हिशेबात गृहीत आहे. आपल्या पातळीचे पुस्तक निवडताना हाच निकष घरच्या घरी वापरता येतो. सुमारे ३०० शब्दांचे एक पान घ्यावे आणि अनोळखी शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारावी. सहाच्या आसपास रेघा पडल्या, तर ते पुस्तक आपल्यासाठी योग्य आहे. वीस-पंचवीस रेघा पडल्या, तर ते पुस्तक काही महिन्यांनी पुन्हा उघडावे. एकही रेघ पडली नाही, तर आनंदासाठी ते जरूर वाचावे, पण नव्या शब्दांची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

शब्द नेहमी आपल्या वाचनातूनच उचलावेत, असा माझा आग्रह आहे. तयार यादीतील शब्दामागे कोणताही प्रसंग नसतो, त्यामुळे तो मनात कशालाच चिकटत नाही. वाचलेल्या वाक्यातला शब्द मात्र त्या वाक्यातील माणसासह, त्याच्या रागासह किंवा दुःखासह लक्षात राहतो. अक्षरक्रमाने लावलेल्या याद्यांचा आणखी एक धोका आहे. दिसायला जवळचे असलेले शब्द तेथे शेजारी येतात आणि एकत्र शिकल्यामुळे कायमचे एकमेकांत मिसळतात. ‘इन्जीनियस’ म्हणजे कल्पक आणि ‘इन्जेन्युअस’ म्हणजे निष्कपट, भाबडा. ही जोडी एकाच दिवशी पाठ केली, तर नंतर दरवेळी कोणता कोणता हे आठवावे लागते. एक शब्द आधी अगदी मुरू द्यावा आणि दुसरा दोन-तीन आठवड्यांनंतर घ्यावा.

एक शब्द जवळून पाहू

वाचताना ‘मिटिगेट’ हा शब्द आला, असे समजू. पहिले काम म्हणजे कोश न उघडता वाक्यावरून अर्थाचा अंदाज बांधणे. अंदाज चुकला तरी हरकत नाही, कारण चुकलेला अंदाज दुरुस्त होताना अर्थ अधिक खोल बसतो. मात्र अंदाज तपासल्याशिवाय सोडू नये. ‘एनर्व्हेट’ ऐकताना ‘एनर्जी’ची आठवण होते, पण त्याचा अर्थ आहे शक्ती काढून घेणे, गळाठून टाकणे. ‘नॉइसम’चा आवाजाशी काहीही संबंध नाही, त्याचा अर्थ आहे दुर्गंधीयुक्त, किळसवाणा.

त्यानंतर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडावा. अशा कोशांत अर्थ मोजक्या सोप्या शब्दांतच सांगितलेला असतो. लाँगमनच्या १९७८ मधील कोशाने त्यासाठी सुमारे २,००० शब्दांची मर्यादा स्वतःला घालून घेतली होती. ‘मिटिगेट’चा अर्थ तेथे साधारणपणे ‘एखाद्या वाईट गोष्टीची तीव्रता किंवा हानी कमी करणे’ असा मिळतो. येथे थांबून मराठीकडे यावे. नुसते ‘कमी करणे’ असे लिहिले तर हा शब्द ‘रिड्यूस’पासून वेगळा राहत नाही आणि मग कोणी वजन किंवा पगारही ‘मिटिगेट’ करू लागतो. मराठीत याला अगदी नेमका वाक्प्रचार आहे : ‘झळ कमी करणे’. आपत्ती टळलेली नाही, पण तिची झळ कमी झाली आहे, हा भाव त्यात पुरेपूर उतरतो. असा नेमका मराठी वाक्प्रचार सापडेपर्यंत शोधत राहावे. या शोधात जाणारी पाच मिनिटे मी कधीही वाया गेलेली मानत नाही, कारण त्या पाच मिनिटांत आपण दोन्ही भाषांचा विचार करत असतो.

मग शब्दाची संगत पाहावी. ‘मिटिगेट’ या क्रियापदाचे कर्म बहुधा ‘रिस्क’, ‘इम्पॅक्ट’, ‘इफेक्ट्स’, ‘डॅमेज’ यांपैकी असते. न्यायालयीन भाषेत ‘मिटिगेटिंग सर्कम्स्टन्सेस’ म्हणजे गुन्ह्याचे गांभीर्य किंवा शिक्षा सौम्य ठरवणारी परिस्थिती. उलट ‘अनमिटिगेटेड डिझास्टर’ म्हणजे ज्यात दिलासा देणारे काहीच उरलेले नाही, असे निखळ अपयश. याच्याशी घोटाळा होणारा शब्द आहे ‘मिलिटेट’, जो ‘अगेन्स्ट’ बरोबर येतो आणि ज्याचा अर्थ ‘एखाद्या गोष्टीच्या विरोधात जाणे’ असा आहे. ‘मिटिगेट’नंतर ‘अगेन्स्ट’ लिहिलेले दिसले, तर तेथे हा घोटाळा झालेला आहे असे समजावे.

आता याच परिवारातील शेजारी पाहावेत. ‘अलीव्हिएट’ हा शब्द वेदना, दारिद्र्य, गर्दी यांच्यासाठी येतो. तो लॅटिनमधील ‘हलका’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, म्हणून त्यात ‘भार हलका करणे’ आहे. ‘अस्वेज’ हा भूक, अपराधीपणाची भावना, दुःख यांच्यासाठी येतो. त्याच्या मुळाशी ‘गोड’ या अर्थाचा शब्द आहे, म्हणून त्यात ‘शमवणे’ आहे. ‘अले’ हा भीती, शंका, संशय यांच्यासाठी येतो आणि मराठीत त्याला ‘दूर करणे, शांत करणे’ म्हणता येईल. कोशात या चारांपुढेही ‘कमी करणे’ असे लिहिलेले आढळेल. पण झळ कमी करणे, भार हलका करणे, भूक शमवणे आणि शंका दूर करणे या चार क्रिया मराठी माणसाला कधी एकच वाटतात का? त्या वेगळ्या वाटतात तशाच इंग्रजी वाचकालाही हे चार शब्द वेगळे वाटतात. अर्थात, वर सांगितल्याप्रमाणे हे चौघे एकाच दिवशी पाठ करायचे नाहीत. पहिला मुरल्यानंतर उरलेल्यांकडे एकेक करून वळायचे आहे.

वहीतील नोंदही यावरूनच ठरते. जेथे शब्द भेटला ते मूळ वाक्य, सोप्या इंग्रजीतील अर्थ, नेमका मराठी वाक्प्रचार, संगतीचे दोन-तीन शब्द आणि शेवटी स्वतःच्या आयुष्यातील खऱ्या गोष्टीविषयी स्वतः रचलेले एक वाक्य, एवढे लिहावे. कोशातले वाक्य उतरवून घेतल्याने शेवटच्या रकान्याचे काम होत नाही.

मुळे ओळखण्याचा मराठी वाचकाला असलेला लाभ

इंग्रजीतील जड शब्दांपैकी फार मोठा वाटा लॅटिन आणि ग्रीकमधून आलेला आहे. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात, असे मांडले आणि पुढील अभ्यासाने ते नाते पक्के झाले. संस्कृतातून आलेले असंख्य शब्द मराठीत रोज वापरणाऱ्या आपल्याला या नात्याचा जो उपयोग होऊ शकतो, त्याकडे शब्दसंग्रहाच्या पुस्तकांत फारसे कोणी लक्ष देत नाही, याची मला खंत वाटते.

‘ज्ञ’ घ्या. ‘ज्ञान’, ‘अज्ञ’, ‘सुज्ञ’ यांतला धातू आणि ‘कॉग्निझंट’ (जाणीव असलेला), ‘डायग्नोसिस’ (निदान), ‘अग्नॉस्टिक’ (अज्ञेयवादी) यांतला ‘ग्न’ हे एकाच कुळातले आहेत. ‘अज्ञेय’ आणि ‘अग्नॉस्टिक’ हे शब्द शेजारी ठेवले, तर सुरुवातीचा नकारार्थी ‘अ’सुद्धा दोन्हीकडे तोच आहे. ‘मृत’, ‘मर्त्य’ यांच्या नात्यातले ‘मॉर्टल’ आणि ‘मॉरिबंड’, म्हणजे मरणपंथाला लागलेला. ‘जन्म’ आणि ‘प्रजा’ यांच्या नात्यातले ‘काँजेनिटल’ (जन्मजात), ‘इंडिजिनस’ (मूळचा, देशी) आणि ‘प्रॉजनी’ (संतती). यांतल्या ‘प्रॉजनी’ची घडण तर अक्षरशः ‘प्र’ आणि ‘जा’ अशीच आहे. ‘पद’ आणि ‘पाद’ यांच्या नात्यातले ‘पेडेस्ट्रियन’ (पादचारी, आणि लेखनाविषयी बोलताना नीरस), ‘इम्पीड’ म्हणजे पायात बेडी अडकवावी तसा अडथळा आणणे आणि ‘एक्स्पिडाइट’ म्हणजे अडकलेला पाय मोकळा करावा तशी कामाला गती देणे. बैलांच्या मानेवरचे ‘जू’ ज्या कुळातले, त्याच कुळातला ‘सब्जुगेट’. मानेवर जू ठेवून अंकित करणे हा अर्थ त्यात जसाच्या तसा दिसतो. मघाशी पाहिलेल्या ‘अलीव्हिएट’चे मूळ ‘लघु’च्या नात्यातले आहे आणि ‘अस्वेज’चे मूळ ‘स्वादू’च्या नात्यातले.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या आधीच ओळखाव्यात. ‘पेडेगॉग’मधील ‘पेड’चा पायाशी संबंध नाही, तो ‘मूल’ या अर्थाच्या ग्रीक शब्दातून आला आहे. ‘आउटरेज’ची फोड ‘आउट’ आणि ‘रेज’ अशी होत नाही. तो फ्रेंचमधील ‘मर्यादेपलीकडे’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. शिवाय मूळ बरोबर सापडले तरी अर्थ काळाच्या ओघात सरकलेला असू शकतो. ‘इग्रीजस’ म्हणजे मुळात कळपातून उठून दिसणारा. एके काळी ती प्रशंसा होती, आज मात्र तो शब्द डोळ्यांत भरणाऱ्या गंभीर चुकीसाठी वापरतात. म्हणून मुळाचा उपयोग शब्द लक्षात ठेवण्यासाठी करावा आणि अर्थाचा निवाडा कोशावर सोपवावा.

सूर आणि थर

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबारातून फ्रेंच शब्दांचा ओघ सुरू झाला, तर धर्म आणि विद्या यांच्या वाटेने लॅटिन शब्द येत राहिले. त्यामुळे एकाच कल्पनेसाठी इंग्रजीत अनेकदा तीन थर आढळतात : ‘आस्क’ हा मूळचा देशी, ‘क्वेश्चन’ हा फ्रेंचमार्गे आलेला आणि ‘इंटरॉगेट’ हा लॅटिन. मराठीत ‘विचारणे’, ‘सवाल करणे’ आणि ‘पृच्छा करणे’ यांचे थर असेच वेगवेगळ्या वाटांनी आलेले आहेत आणि आजीला औषधाची वेळ विचारताना आपण ‘पृच्छा’ करत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीतही हाच विवेक हवा. मित्राशी बोलताना ‘कमेन्स’ आणि ‘टर्मिनेट’ यांचा वापर कानाला खटकतो, कराराच्या मसुद्यात मात्र ते शब्द योग्य जागी असतात.

थराइतकाच सूर महत्त्वाचा आहे. ‘फ्रूगल’ म्हणजे काटकसरी आणि ‘मायझर्ली’ म्हणजे कंजूष. वागणे कदाचित एकच असेल, पण बोलणाऱ्याचे मत बदललेले असते. ‘टिनेशस’मध्ये चिकाटीचे कौतुक आहे, ‘ऑब्स्टिनेट’मध्ये दुराग्रहाची तक्रार आहे. ‘चाइल्डलाइक’ म्हणजे निरागस आणि ‘चाइल्डिश’ म्हणजे बालिश. प्रत्येक विशेषणाच्या नोंदीपुढे मी प्रशंसा, निंदा किंवा तटस्थ यांपैकी एक खूण करतो, आणि ज्यांनी एवढी साधी सवय लावून घेतली त्यांच्या लेखनातील ‘नटोरियस’सारख्या चुका झपाट्याने कमी झालेल्या मी पाहिल्या आहेत.

समानार्थी शब्दांचा कोश या टप्प्यावर जपून वापरावा. पीटर मार्क रॉजे यांचा अशा स्वरूपाचा प्रसिद्ध कोश १८५२ मध्ये आला. माहीत असलेला पण ऐनवेळी न आठवणारा शब्द शोधून देणे, हे अशा कोशाचे खरे बळ आहे. अनोळखी शब्द तेथून थेट उचलून वाक्यात ठेवणे म्हणजे चव न पाहता पदार्थ वाढण्यासारखे आहे.

उच्चाराविषयी थोडक्यात सांगतो. केवळ वाचून शिकलेला शब्द मनातल्या मनात चुकीचा उच्चारला जातो आणि ऐकताना ओळखूच येत नाही. ‘इपिटमी’ हा शब्द ‘एपिटोम’ म्हणून, ‘हायपर्बली’ हा ‘हायपरबोल’ म्हणून, ‘सटल’ हा ‘सब्टल’ म्हणून आणि ‘अराय’ हा ‘ऑरी’ म्हणून मनात बसलेला अनेकांच्या बाबतीत आढळतो. नोंद करतानाच कोशातील ध्वनिमुद्रण ऐकावे, शब्द दोनदा मोठ्याने म्हणावा आणि देवनागरीत उच्चार लिहून आघाताच्या अक्षराखाली रेघ द्यावी.

उजळणी आणि वापर

हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विस्मरणाचा जो आलेख मांडला, त्यानुसार पाठ केलेल्या गोष्टींचा मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच निसटतो आणि त्यानंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करावी आणि पुढे अंतर वाढवत न्यावे. तिसरा, सातवा, पंधरावा आणि तिसावा दिवस हा क्रम बहुतेकांना झेपतो. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात सुचवलेली चिठ्ठ्यांच्या खोक्यांची पद्धत याच तत्त्वावर चालते. आठवलेल्या शब्दाची चिठ्ठी पुढच्या, उशिरा उघडायच्या खोक्यात जाते आणि न आठवलेली पहिल्या खोक्यात परत येते. मोबाइलवरील अनेक अॅप हेच काम करतात, पण चिठ्ठी स्वतः लिहिण्याचा त्रास चुकवू नये.

उजळणी म्हणजे वही पुन्हा वाचणे, असे मात्र समजू नका. वाचताना सगळेच ओळखीचे वाटते आणि त्या वाटण्यावर विसंबणे धोक्याचे असते. अर्थाचा भाग हाताने झाकून तो आठवावा, मग उलट बाजूने मराठी वाक्प्रचार पाहून इंग्रजी शब्द आठवावा. ‘चालढकल करणे’ पाहिल्यावर ‘प्रोक्रॅस्टिनेट’ ओठांवर आला पाहिजे, ‘चोखंदळ’ पाहिल्यावर ‘फास्टिडियस’, ‘लहरी’ पाहिल्यावर ‘कप्रिशस’. शब्द दिसल्यावर कळणे आणि हवा तेव्हा सुचणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि दुसरी क्षमता या उलट्या सरावाशिवाय येत नाही.

रोज चार किंवा पाच शब्द पुरेसे आहेत. त्यात सातत्य राहिले, तर वर्षभरात दीड हजाराच्या आसपास शब्दांशी गाठ पडते, आणि प्रत्येक शब्दासोबत त्याचे कुळही येते : ‘पर्सिव्हिअर’ शिकला की ‘पर्सिव्हिअरन्स’ वेगळा शिकावा लागत नाही. आठवड्यातील एक दिवस नवे शब्द अजिबात घेऊ नयेत. त्या दिवशी आठवड्यातील शब्दांपैकी तीन किंवा चार निवडावेत आणि एखाद्या खऱ्या विषयावर दीडशे शब्दांचा परिच्छेद लिहावा. परिच्छेद पुन्हा वाचताना प्रत्येक नव्या शब्दाजवळ थांबून त्याच्या जागी साधा शब्द ठेवून पाहावा. साध्या शब्दाने वाक्य अधिक स्पष्ट होत असेल, तर साधाच शब्द ठेवावा आणि नव्या शब्दाला त्याची योग्य जागा मिळेपर्यंत थांबू द्यावे. साध्या शब्दाने काही अर्थ सांडत असेल, ‘रिड्यूस’ लिहिल्यावर झळ हरवत असेल, तर ‘मिटिगेट’ तेथेच राहू द्यावा आणि त्याची चिठ्ठी पुढच्या खोक्यात सरकवावी.